मधमाश्यांचा खरा हिवाळा पावसाळ्यात

ऑक्टोबर महिन्यात मोठ्या उमेदीने आणून बांधावर ठेवलेली मधपेटी पुढच्या जुलैत रिकामी सापडावी, हा अनुभव नवशिक्या मधमाशीपालकाला बहुधा पहिल्याच वर्षी येतो. झाकण काढून पाहावे तो आत माशी नसते. तळाशी मेलेल्या माश्यांचा खच पडलेला नसतो, मुंगळ्यांनी हल्ला केल्याची खूण नसते, कोणी पेटी फोडलेलीही नसते. चौकटींतील पोळी जागच्या जागी असतात, परंतु कोरडी. मध नाही, पराग नाही, अंडी नाहीत, अळ्या नाहीत. एखाद्या पोळ्यावर मेणकिडीच्या अळ्यांनी जाळी विणावयास नुकतीच सुरुवात केलेली असते. शेतकरी म्हणतो, ‘माश्या उडून गेल्या’, आणि दोष पेटीला, जागेला किंवा शेजारच्या कारखान्याच्या धुराला देतो. वस्तुतः त्या वसाहतीचे भवितव्य मार्च-एप्रिलमध्येच ठरून गेलेले असते. मधाचे शेवटचे पोळे ज्या दिवशी यंत्रात घातले गेले, त्याच दिवशी जुलैतील उपासमारीची तयारी झालेली असते.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात, इंद्रायणी व भामा या नद्यांच्या दरम्यान, ज्या शेतकऱ्यांनी पेट्या ठेवल्या आहेत किंवा ठेवण्याचे योजले आहे, त्यांनी ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

पुस्तकांतील हिवाळा आणि आपला हिवाळा

मधमाशीपालनावरील पुष्कळसे वाङ्मय थंड देशांतून आलेले आहे. त्यात वसाहती हिवाळ्यातून तगवून कशा न्याव्यात या विषयाला मोठे स्थान असते, आणि ते योग्यही आहे. युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत कित्येक आठवडे तापमान शून्याच्या खाली राहते, एकही फूल उमलत नाही, माशीला पेटीबाहेर पडता येत नाही. अशा वेळी सर्व माश्या राणीभोवती एकमेकींना बिलगून गोळा करतात, साठविलेला मध खातात आणि अंगातील स्नायूंच्या हालचालीने ऊब निर्माण करतात. त्या देशांत एका वसाहतीजवळ हिवाळ्यापूर्वी पंधरा-वीस किलो मध शिल्लक ठेवावा लागतो, आणि अतिथंड मुलखात पेटीभोवती गवत, भुसा यांचे आवरणही घालतात. आपल्या देशात काश्मीर व हिमाचल प्रदेशाच्या उंच भागांतही हीच काळजी घ्यावी लागते.

पुण्याच्या परिसरात जानेवारीतील पहाटेचे तापमान साधारणपणे दहा-बारा अंशांच्या आसपास असते. काही पहाटे ते त्याहूनही खाली जाते, परंतु दुपारी तीसच्या जवळ पोहोचते. सकाळी नऊ-साडेनऊनंतर माश्या कामाला बाहेर पडतात आणि शेतांत फुलेही याच दिवसांत भरपूर असतात. तेव्हा पुस्तकातील चित्र पाहून चाकणमध्ये पेटीला पेंढ्याचे वेष्टण घालणे म्हणजे वाळवी, झुरळे आणि कोंदट हवा यांना आमंत्रण देणे होय. येथील वसाहतीला थंडी क्वचितच मारते. तिला मारते ती भूक, आणि ती जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येते. माशीच्या दृष्टीने आपल्याकडचा हिवाळा तो हाच.

थंडीच्या दिवसांत एवढे पाळले म्हणजे पुरे: पेटीचे दार पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे असावे, म्हणजे सकाळचे ऊन लवकर मिळते. दहा वाजण्यापूर्वी पेटी उघडू नये, आणि पिलांच्या चौकटी फार वेळ बाहेर धरू नयेत. पिलांना सुमारे तेहेतीस ते पस्तीस अंश ऊब लागते, ती मोडली म्हणजे अळ्या गारठून मरतात. दुबळ्या वसाहतीत माश्यांनी झाकता येतील तेवढ्याच चौकटी ठेवून बाकीच्या काढून घ्याव्यात.

सातेरीचा स्वभाव

या भागात पेटीत पाळली जाणारी देशी माशी म्हणजे सातेरी. झाडाच्या ढोलीत, जुन्या भिंतीच्या पोकळीत, वारुळात ती एकापुढे एक अशी समांतर पोळी बांधते. या सवयीमुळेच ती पेटीत राहू शकते. तिरुचिरापल्लीच्या परिसरात फादर न्यूटन यांनी १९११ च्या सुमारास या लहान माशीला मानवेल अशी पेटी तयार केली, आणि त्या धर्तीच्या पेट्या पुढे दक्षिणेत व महाराष्ट्रात पसरल्या. मुंबई राज्याच्या काळात, १९४६ साली, महाबळेश्वर येथे मधमाशीपालनाचे सरकारी कार्य सुरू झाले. त्यातून पुढे आलेल्या मध संचालनालयाचे काम आज राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळामार्फत चालते. पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ सालची. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, हे वाचकांस ठाऊक असेलच.

सातेरी शांत आहे, कष्टाळू आहे, आपल्या हवेला सरावलेली आहे. परंतु तिच्या अंगी एक स्वभावदोष आहे. दोष तरी कसा म्हणावा? रानात तिच्या जातीचे रक्षण याच गुणाने झाले आहे. घरात दाणा उरला नाही, उन्हाचा ताप असह्य झाला, मुंग्यांचा किंवा मेणकिडीचा उपद्रव वाढला, की सर्व माश्या राणीला घेऊन घर सोडतात व दुसरीकडे जातात. याउलट परदेशी मेलिफेरा माशी, जी १९६२ ते १९६४ या काळात पंजाबातील (आता हिमाचल प्रदेशातील) नगरोटा येथे स्थिरावली व तेथून देशभर गेली, ती सहसा घर सोडत नाही. उपास पडला तर ती पेटीतच मरते. दोन्हींचा शेवट मालकाच्या दृष्टीने सारखाच. मेलिफेराची वसाहत मोठी, म्हणून तिला अन्नही अधिक लागते. पुढील मजकूर मुख्यतः सातेरीसाठी आहे.

घर सोडण्याचा निर्णय एका दिवसात होत नाही. आधी बाहेरून येणारा पराग थांबतो. परागाशिवाय अळ्यांचे खाद्य तयार होत नाही, म्हणून राणीचे अंडी घालणे कमी होते व पुढे बंद पडते. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडण्यास सुमारे वीस दिवस लागतात. म्हणजे अंडी बंद झाल्यापासून तीन आठवड्यांत पेटीतील शेवटचे पिलू बाहेर येते. पिले असेपर्यंत सातेरी सहसा घर टाकत नाही. ती संपली की पाय मोकळे होतात. या तीन आठवड्यांतच पालकाला वसाहत वाचविता येते. पंधरा दिवसांतून एकदा उघडीप पाहून पिलांची एक चौकट उचलून बघणाऱ्याला हे अगोदर कळते. महिनाभर पेटीकडे न फिरकणाऱ्याला ते रिकाम्या पेटीवरूनच कळते.

बारा महिन्यांचे पान

वसाहतीची तरतूद करावयाची तर तिच्या अन्नाचे वेळापत्रक माहीत पाहिजे. सप्टेंबरच्या अखेरीपासून खेड व मावळच्या पश्चिम भागातील उतारांवर कारळा पिवळा होतो आणि वर्षाचा पहिला चांगला फुलोरा मिळतो. बोरीची झाडे याच सुमारास मकरंद देतात. त्यानंतर तूर, पुढे ज्वारीचा पराग, कोथिंबिरीचे बियाण्यासाठी राखलेले वाफे, शेवगा, सूर्यफूल असे एकामागून एक येत जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बियाण्याच्या कांद्याचे डेंगळे फुलतात. मार्च-एप्रिलमध्ये कडुनिंब, करंज व जांभूळ. पश्चिमेस भीमाशंकरच्या डोंगराकडे जांभळापाठोपाठ हिरडाही फुलतो. मे महिन्यात चिंच थोडा आधार देते. मग पाऊस येतो.

पावसाळ्यात रान हिरवे असते म्हणून माशीला खाद्य असेल, असा पुष्कळांचा समज आहे. हिरवळ आणि फुलोरा यांत फरक आहे. जूनमध्ये उगवलेले गवत व पिके ऑगस्टपर्यंत फुलत नाहीत. जी फुले असतात त्यांतील मकरंद सरी धुऊन नेतात, पराग भिजतो, आणि सलग तीन-चार दिवस पाऊस लागला तर माशीला दाराबाहेर पडता येत नाही. आत मात्र खाणारी तोंडे तितकीच राहतात. ऑगस्टमध्ये मका व बाजरीच्या तुऱ्यांवरचा पराग, काकडी-दोडका-भोपळ्याचे मांडव, तीळ, नंतर माळावरची रानफुले हळूहळू आधार देऊ लागतात. म्हणजे खरा कठीण काळ जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा, आणि पाऊस लांबला तर सप्टेंबरपर्यंतचा.

डेंगळ्यांवरील माश्या

चाकणची कांद्याची बाजारपेठ जुनी व नावाजलेली आहे, आणि कांदा व लसूण संशोधन संचालनालय राजगुरुनगर येथे आहे. तेव्हा या पट्ट्यातील मधमाशीपालकाने कांद्याचे बियाणे पिकविणाऱ्या शेजाऱ्याशी सख्य जोडणे दोघांच्याही हिताचे आहे.

कांद्याच्या फुलाची रचना मोठी चमत्कारिक आहे. एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात, परंतु पराग आधी गळून जातो आणि स्त्रीकेसर ग्रहणक्षम होते ते त्यानंतर. त्यामुळे फूल स्वतःच्याच परागाने फळत नाही. दुसऱ्या फुलाचा पराग कीटकांनी आणून द्यावा लागतो. गोंड्यातील शेकडो फुले एकदम न उमलता काही आठवडे उमलत राहतात, म्हणून माश्यांची ये-जाही तितकेच दिवस हवी. माश्या आल्या नाहीत तर गोंडा दिसावयास भरदार, पण चोळून पाहता निम्मे पोकळ, असे होते. यात एक अडचण आहे. कांद्याच्या मकरंदात पालाशाचे प्रमाण जास्त असल्याने माशीला तो फारसा रुचत नाही, आणि जवळपास दुसरे गोड फूल असेल तर ती तिकडे वळते. म्हणून पेट्या शेतात फार आधी नेऊन ठेवू नयेत. सुमारे दहावा भाग डेंगळे फुलल्यावर रात्री न्याव्यात, म्हणजे माश्या सकाळी बाहेर पडताच समोरच्या फुलावर जातात.

कांद्यावर फुलकिड्यांसाठी फवारणी करण्याची या भागात सवय झालेली आहे. डेंगळे फुलण्यापूर्वीच फुलकिड्यांचा बंदोबस्त करावा आणि फुलोऱ्यात शक्यतो फवारणी करूच नये. अगदीच निकड भासली तर माश्या परतल्यावर सायंकाळी करावी, भुकटीरूप औषध वापरू नये, आणि पेट्यांच्या मालकास आदल्या दिवशी सांगावे. दुपारी अकरा वाजता फुलावर पडलेले एक कीटकनाशक त्या दिवशी बाहेर गेलेल्या सर्व कामकरी माश्या संपवू शकते. फेब्रुवारीत अशा रीतीने ओसरलेली वसाहत जूनपर्यंत भरून येत नाही, आणि मग दोष पुन्हा पावसाला दिला जातो.

मध किती काढावा

सातेरीच्या चांगल्या वसाहतीपासून वर्षाकाठी चार ते सहा किलो मध मिळाला तर तो समाधानकारक मानावा. वरच्या कप्प्यातील, मेणाने मोहरबंद झालेल्या पोळ्यांतील मध मालकाचा. खालच्या, पिलांच्या कप्प्यातील मध माश्यांचा. त्याला कोणत्याही महिन्यात हात लावू नये. हा नियम सर्वांना पाठ असतो. परंतु एप्रिलच्या अखेरीस, करंज-जांभळाचा शेवटचा मध काढताना, मधाचा भाव आठवून खालच्या चौकटींकडेही नजर जाते. एप्रिलनंतर वरच्या कप्प्यातील मधही निदान एक-दोन चौकटी तसाच ठेवावा, कारण त्यानंतर येणारा चिंचेचा मकरंद थोडा असतो आणि मेच्या उन्हात पाणी आणून पेटी थंड ठेवण्यातच माश्यांची शक्ती खर्च होते.

साठा किती आहे हे वजनकाट्याशिवायही कळते. पिलांच्या चौकटीच्या वरच्या कडेला, लाकडी पट्टीखाली, मधाचा पट्टा असतो. मेच्या अखेरीस हा पट्टा सर्व चौकटींवर दोन-तीन बोटे रुंद असेल तर वसाहत जून निभावून नेईल. बोटभर किंवा त्याहून कमी असेल तर पाऊस सुरू होण्याची वाट न पाहता पाक देण्यास आरंभ करावा.

मे महिन्यातच करावयाची दुसरी गोष्ट म्हणजे वसाहतींची परीक्षा. ज्या वसाहतीत तीनहून कमी चौकटी माश्यांनी भरल्या आहेत, ती पावसाळा काढील अशी आशा धरू नये. दोन दुबळ्या वसाहती स्वतंत्रपणे मरू देण्यापेक्षा एक करणे शहाणपणाचे. त्यासाठी दोन राण्यांपैकी कमी अंडी घालणारी राणी काढून टाकावी. सायंकाळी राणी असलेल्या पेटीचे झाकण काढून तीवर वर्तमानपत्राचा एक कागद पसरावा, त्याला टाचणीने चार-दोन भोके पाडावीत आणि वर दुसऱ्या वसाहतीचा कप्पा ठेवावा. दोन-तीन दिवसांत माश्या कागद कुरतडतात, तोवर दोघींचा वास एक झालेला असतो, आणि मारामारी होत नाही. पेट्यांची संख्या कमी झालेली पाहून पालकाला वाईट वाटते खरे. परंतु जूनमधील चार पेट्यांपेक्षा ऑक्टोबरमधील दोन पेट्या केव्हाही बऱ्या.

पावसापूर्वीची डागडुजी

पेटी जमिनीपासून दीड-दोन फूट उंच घोडीवर असावी. घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. वाट्यांत पालापाचोळा पडून पूल तयार होतो, तो आठवड्यातून एकदा काढावा. मागील बाजू किंचित उंच ठेवली म्हणजे दारातून आलेले पाणी आत न साचता बाहेर वाहते. पावसाचा झोत नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा दार त्या दिशेस असता कामा नये. छपरावर पत्रा किंवा जाड प्लॅस्टिकचा तुकडा बांधावा, मात्र हवेची जाळी झाकू नये. उन्हाळ्यात आंब्याच्या दाट सावलीत ठेवलेली पेटी पावसाळ्यात उघड्यावर घ्यावी, नाही तर ती चार महिने ओलीच राहते. अशी जागा बदलताना एका दिवसात दोन-तीन फुटांहून अधिक हलवू नये. माशी जागा लक्षात ठेवते, पेटी नव्हे.

दार दोन माश्या जातील एवढे अरुंद करावे. रिकामी, काळी पडलेली पोळी काढून घ्यावीत. मेणकिडीचा पतंग रात्री येऊन माश्यांचा पहारा नसलेल्या पोळ्यांत व तळावरील कचऱ्यात अंडी घालतो, त्याच्या अळ्या मेण पोखरून जाळी करतात. वसाहत भरलेली असेल तर माश्या त्यांना स्वतःच हुसकून लावतात. चौकटी जास्त आणि माश्या थोड्या, अशा पेटीतच कीड माजते. दर पंधरवड्यास तळ खरवडून स्वच्छ करावा आणि खरवडलेला कचरा पेटीजवळ न टाकता जाळावा.

पाक देणे

एका वसाहतीस आठवड्याला सुमारे दोनशे ग्रॅम साखर, तेवढ्याच पाण्यात विरघळवून, हे प्रमाण सातेरीला पुरते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत पंधरा आठवडे धरले तर तीन किलो साखर लागते. एक किलो चांगल्या मधाच्या किमतीत ही सर्व साखर येऊन वर काही शिल्लक राहते. ज्या जिल्ह्यात साखरेचे कारखाने आहेत, त्या जिल्ह्यात वसाहती तीन किलो साखरेवाचून उडून जाव्यात हे नवलच म्हणावयाचे.

पाणी उकळून खाली उतरावे, मग त्यात साखर घालून ढवळावी व थंड होऊ द्यावी. साखर विस्तवावर तांबडी होऊ देऊ नये, ती माश्यांना बाधते. गूळ, काकवी, रसवंतीवरील उसाचा रस किंवा मिठाईच्या दुकानातील उरलेला पाक कधीही देऊ नये. त्याने माश्यांना हगवण लागते. बाजारातील मधही देऊ नये, कारण त्याबरोबर रोगाचे जंतू येण्याचा संभव असतो. पाक बारीक भोके पाडलेल्या झाकणाच्या बाटलीत भरून ती चौकटींवर उपडी ठेवावी, अथवा पसरट वाटीत ओतून वर काड्या टाकाव्यात, म्हणजे माश्या बुडत नाहीत.

पाक दिवेलागणीनंतर द्यावा. दिवसा दिला तर त्याच्या वासाने शेजारच्या वसाहतींतील माश्या लुटालुटीस येतात, आणि एकदा लूट सुरू झाली की दुबळी वसाहत एका दुपारीत संपते. याच कारणाने एका ठिकाणच्या सर्व पेट्यांना एकाच संध्याकाळी पाक द्यावा, थेंबही बाहेर सांडू देऊ नये, आणि उघड्या परातीत पाक ठेवून ‘सर्वांनी खावा’ असा उदारपणा करू नये. वरच्या कप्प्यात विक्रीचा मध असताना पाक दिल्यास तो मधात मिसळतो, आणि तो मध विकणे ही भेसळ ठरते.

पाकाने माशी जगते, परंतु पिलू वाढत नाही. त्याला पराग पाहिजे. जुलैत सलग दोन आठवडे पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन येणारी माशी दिसली नाही, तर परागाऐवजी पुढील खाद्य द्यावे: तेल काढलेल्या सोयाबीनचे पीठ तीन भाग, यीस्टची भुकटी एक भाग, साय काढलेल्या दुधाची भुकटी एक भाग. हे पिठीसाखर व पाकात घट्ट मळून त्याची लहान चकती चौकटींवर कागदावर ठेवावी. तीन-चार दिवसांत खातील एवढीच ठेवावी, अन्यथा तीवर बुरशी येते.

इतके करूनही एखादी वसाहत घर सोडण्याच्या बेतात दिसली, तर शेजारच्या भरदार वसाहतीतील लहान अळ्यांची एक चौकट माश्या झटकून तिच्यात घालावी. पिलांना टाकून जाणे तिला जड जाते, आणि तेवढ्या अवधीत पाकाचा गुण दिसू लागतो. दारावर राणी अडविणारी जाळी लावण्याचा उपाय चार-सहा दिवसांपुरता ठीक आहे. भूक तशीच ठेवून नुसती जाळी लावणे म्हणजे उपाशी बैलाला दावे बांधण्यासारखे आहे.

पाहणी करताना अळ्यांकडेही लक्ष द्यावे. निरोगी अळी मोत्यासारखी पांढरी व वळलेली असते. अळी घरात ताठ पडलेली असून चिमट्याने उचलली असता पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी लोंबत असेल, तर तो थाई सॅकब्रूड हा विषाणुजन्य रोग समजावा. या रोगाने १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतातील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या. त्यावर औषध नाही. अशा पेटीतील चौकटी, पाक किंवा मध दुसऱ्या पेटीत नेऊ नये, आणि संबंधित कार्यालयास कळवावे.

कारखान्यांच्या सावलीत

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली, आणि पुढे चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांच्या शिवारांत मोटारींचे कारखाने उभे राहिले. ज्या माळांवर पूर्वी बाजरी, मटकी व बोरीची झुडपे होती, तेथे आज पत्र्याच्या शेडी आहेत. सातेरी माशी साधारणपणे एक ते दीड किलोमीटरच्या परिघात अन्न शोधते. हा परिघ भिंती, डांबर व लॉन यांनीच व्यापला असेल, तर पेटीच्या मालकाने कितीही निगा राखली तरी ती वसाहत साखरेवरच जगेल. म्हणून पेटी ठेवण्यापूर्वी तेवढ्या अंतरावर एक फेरफटका मारून फुलणारी झाडे मोजावीत.

टंचाईच्या दिवसांत औद्योगिक वस्तीत आणखी एक संकट आहे, आणि ते बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. भुकेली माशी गोडाच्या वासावर जाते. कारखान्यांच्या दारांशी असलेल्या चहाच्या टपऱ्यांमागे कागदी कपांचे ढीग पडतात, त्यांच्या तळाशी साखरेचा चहा उरलेला असतो. अशा टाकलेल्या कपांत मधमाश्या मोठ्या संख्येने बुडून मरतात, असे तमिळनाडूतील अभ्यासकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दाखवून दिले. टपरीवाल्यास झाकणाची कचराकुंडी ठेवावयास सांगणे आणि आपल्या पेटीत पाक असणे, हे दोनच उपाय यावर आहेत. पोट भरलेली माशी कपाकडे जात नाही.

तथापि कारखान्यांच्या व गृहसंस्थांच्या आवारांतील झाडांचा उपयोगही होतो. नारळ व ताडवर्गीय झाडे बारमाही पराग देतात आणि जुलैत त्याचे मोल फार आहे. जेथे नवी लागवड व्हावयाची आहे, तेथे करंज, जांभूळ, कडुनिंब, रिठा, बोर व शेवगा यांचा आग्रह धरावा. पिचकारीचे झाड शोभिवंत खरे, परंतु त्याच्या फुलांत माश्या मरून पडत असल्याचे ब्राझीलमध्ये आढळून आले आहे; निदान पेट्यांजवळ ते लावू नये. आवारातील उंच टाकीवर आग्या माशीचे मोहोळ बसले म्हणून ते पेटवून देण्याचा प्रकारही थांबला पाहिजे. ही माशी वर्षभर एके ठिकाणी राहत नाही, ऋतू पालटला की आपण होऊन जाते. मोहोळ हलविणे अगदी आवश्यक असेल तर प्रशिक्षित माणूस बोलवावा.

शिवारात फुले उरलीच नसतील तर पेट्या फुलांकडे नेणे हा मार्ग राहतो. महाबळेश्वरच्या अतिवृष्टीच्या भागातील पालक पावसाळ्यात पेट्या वाईकडील कमी पावसाच्या प्रदेशात उतरवितात. चाकणच्या पालकाने याच न्यायाने पेट्या एप्रिलमध्ये पश्चिमेस जांभूळ-हिरड्याकडे न्याव्यात, मेच्या अखेरीस पूर्वेकडील कमी पावसाच्या, मका व भाजीपाल्याच्या गावी उतरवाव्यात, आणि सप्टेंबरअखेर कारळ्यासाठी पुन्हा वर न्याव्यात. हलविताना दार जाळीने बंद करून रात्रीच न्याव्यात, चौकटी वाहनाच्या लांबीशी समांतर ठेवाव्यात, आणि नवी जागा जुन्या जागेपासून निदान तीन किलोमीटर दूर असावी, नाही तर माश्या जुन्या जागी परततात. दोन-चार पेट्यांसाठी भाड्याचे वाहन परवडत नाही. चार शेजाऱ्यांनी मिळून एकच फेरी केली तर परवडते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, उघडीप पडली की, सकाळी पेटीच्या दाराशी थोडा वेळ बसून पाहावे. पायांना पिवळ्या गोळ्या लावून माश्या येऊ लागल्या म्हणजे पाक एक आठवडा आड करावा, आणि चौकटीत ताजा मकरंद चमकू लागला की पूर्ण बंद करावा. पावसाळ्यातून चार-पाच चौकटी माश्यांनिशी निघालेली वसाहत कारळ्याचा फुलोरा पकडते. दोन चौकटींवर आलेली वसाहत तो सर्व फुलोरा आपली संख्या वाढविण्यातच घालविते, आणि तिच्याकडून डिसेंबरपूर्वी मधाची अपेक्षा करू नये. दाराची अडसर काढावी, मे महिन्यात काढून ठेवलेल्या पोळ्यांपैकी कीड न लागलेली एक-एक चौकट परत द्यावी, आणि वरचा कप्पा मात्र खालच्या सर्व चौकटी माश्यांनी भरल्यावरच चढवावा.